डोईचे तेल आणि पोटातले तेल

राजघराण्यांच्या वंशावळी, किल्ल्यांचे वेढे आणि तहनाम्यांच्या तारखा यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या वस्तूवाचून राजाचाही एक दिवस गेला नाही आणि रंकाचाही गेला नाही, त्या तेलाचा इतिहास लिहिण्याची बुद्धी फारशा कोणास झालेली दिसत नाही. तेल डोईला लागते, पोटात जाते, दिव्यात जळते, गाडीच्या आसाला लागते आणि माणूस गेल्यावर त्याच्या उशाशी जी पणती लावतात तिच्यातही तेच असते. यांपैकी कोणते तेल कोठे चालेल व कोठे चालणार नाही, हे ठरविण्याचा अधिकार एके काळी घरातील वडीलधाऱ्या बाईकडे होता. पुढे तो तेल्याकडे गेला, नंतर व्यापाऱ्याकडे, आणि अखेर सरकारी रसायनशाळेकडे व न्यायालयाकडे. हा अधिकार हातोहात कसा फिरला, एवढेच आम्ही या लेखात एका लहानशा मुलखापुरते पाहणार आहो.

तो मुलूख पोंभुर्ण्याचा. चंद्रपूर जिल्ह्याच्या आग्नेय बाजूस हे तालुक्याचे गाव आहे. उत्तरेस मूल, दक्षिणेस गोंडपिंपरी, आणि पूर्वेस वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शीचा प्रदेश लागतो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्यापूर्वी हे सर्व एकच चांदा होते. प्रथम गोंड राजे, मग नागपूरकर भोसले, १८५४ नंतर इंग्रज आणि १८६१ पासून मध्यप्रांत, असे धनी या प्रदेशाने पाहिले. परंतु गावाभोवती धानाच्या बांधी आणि बांधींच्या पलीकडे मोह, करंज, कोशिंब व बिब्बा यांचे जंगल, ही व्यवस्था कोणत्याही धन्याने घालून दिलेली नव्हे. आमच्या विषयाशी खरा संबंध या झाडांचाच आहे.

प्रथम मोह. त्याच्या फुलांची कीर्ती, किंवा हवे तर अपकीर्ती म्हणा, दारूमुळे सर्वत्र पसरलेली आहे. बियांची गोष्ट मात्र नागर वाचकांस ठाऊक नसते. फुले चैत्रात गळतात आणि उन्हाळा सरता सरता फळे पिकतात. फळातील बियांस इकडे टोळ किंवा टोळी म्हणतात. टोळीच्या मगजात सुमारे निम्मा अंश तेलाचा असतो. हे तेल काढण्याची रानातली रीत घाण्याहूनही जुनी आहे. बी वाळवून फोडावयाचे, मगज कुटावयाचा, बांबूच्या टोपलीत घालून वाफवावयाचा, आणि गरम असतानाच दोन जड लाकडी फळ्यांमध्ये दाबून पिळावयाचा. निघालेले तेल थंडीत तुपासारखे थिजते. तेच तेल भाजीत पडते, तेच दिव्यात पडते आणि तेच केसांना व भेगाळलेल्या टाचांना लागते. म्हणजे मोहाच्या बाबतीत डोई आणि पोट हा भेदच नाही. मागे राहिलेल्या ढेपेच्या बाबतीत मात्र तो आहे. तिच्यात फेस आणणारे एक द्रव्य असते आणि ते माशांना गुंगी आणते. म्हणून ढेप गुरांपुढे टाकावयाची नसते. डबक्यातले मासे धरण्यास ती उपयोगी पडते. दक्षिणेत तमिळ मुलखात याच ढेपेची पूड केस धुण्यास वापरतात.

शेजारच्या करंजाची गोष्ट निराळी. त्याचे तेल कडू. ते खरजेवर, उवालिखांवर आणि दिव्यात चालते, पोटात चालत नाही. बिब्ब्याचे तर नावही जपून घ्यावे असे आहे. त्याच्या कवचातील काळा चीक अंगाला लागला की फोड उठतात, परीट त्याच चिकाने कपड्यांवर खुणा करीत, आणि त्याच कवचाच्या आतील मगज, गोडांबी, आपण हिवाळ्याच्या लाडवांत हौसेने घालतो. एका फळात एका नखाच्या अंतरावर विष आणि मेवा आहे. हे अंतर ज्याने प्रथम शोधून काढले त्याचे नाव कोणत्याही शास्त्रग्रंथात नाही. पण त्याने अगोदर पुष्कळ फोड सोसले असतील यात संशय नाही.

कोशिंबाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. वसंतात याला तांबडीलाल पालवी फुटते, आणि लाखेच्या किड्यांना हे झाड फार मानवते. याच्या बियांचे तेल केसांच्या वाढीसाठी व खाजेवर लावण्याची चाल मध्य हिंदुस्थानच्या जंगलपट्ट्यात जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात विलायतेतील सभ्य गृहस्थांच्या डोक्यांवर ‘मॅकॅसर तेल’ नावाचे एक तेल थापले जात असे. रोलंड नावाच्या लंडनच्या एका न्हाव्याने त्याचा एवढा डंका पिटला, की लॉर्ड बायरनने आपल्या ‘डॉन जुआन’ काव्यात त्याची थट्टा केली, आणि खुर्च्यांच्या पाठी तेलकट होऊ नयेत म्हणून त्यांवर घालावयाच्या झालरीच्या फडक्याला इंग्रजीत मॅकॅसरवरूनच नाव पडले. वनस्पतिशास्त्रज्ञांनी खरे मॅकॅसर तेल म्हणून जे निश्चित केले ते कोशिंबाच्या बियांचे. रोलंडच्या बाटलीत ते कितपत असे हा प्रश्न निराळा. बाटलीवरचे नाव आणि बाटलीतला माल यांची फारकत तेव्हापासूनची आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. पण मुख्य मुद्दा पुढेच आहे. कोशिंबाच्या बियांत सायनाइड उत्पन्न करू शकणारी द्रव्ये असल्याचे रसायनशास्त्राने दाखविले आहे. डोईला जे तेल भूषण, ते पोटाला घातक होऊ शकते.

आता केस धुण्याविषयी थोडेसे. शिकेकाई मुख्यतः सह्याद्रीकडची. रिठा मात्र बाजारातून सर्वत्र पोचला. त्यांच्या जोडीस आवळकाठी, नागरमोथा, संत्र्याची साल आणि गरिबाघरी नुसती माती किंवा राख. रिठ्याचा फेस आणि मोहाच्या ढेपेचा फेस एकाच जातीच्या द्रव्याचा आहे. ज्याने मळ सुटतो त्याने डोळा झोंबतो आणि मासा उताणा पडतो. म्हणून न्हाऊ घालताना पोराला डोळे मिटावयास सांगणारी आजी रसायनशास्त्र शिकलेली नसली तरी ते आचरीत होती. विंचरण्याच्या फणीचाही इतिहास लहान नाही. वैनगंगेच्या पूर्वेस बस्तरच्या मुरिया लोकांत मुलगे मुलींसाठी लाकडी फण्या कोरतात आणि त्या फण्यांना प्रेमाच्या देण्याघेण्यात मोठा मान असतो, याचे सविस्तर वर्णन व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. ‘शॅम्पू’ हा शब्दही आपल्याच चंपीचा. पाटण्याच्या शेख दीन मुहंमदाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ब्रायटन येथे स्नानगृह थाटून गोऱ्या लोकांचे अंग रगडले, तेव्हा त्याचा अर्थ मर्दन एवढाच होता. केस धुणे हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. असो.

रानातल्या फळीच्या जोडीने गावात तेल्याचा घाणा चालत असे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातींवर जो ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात घाण्याला एक बैल जुंपणारे आणि दोन बैल जुंपणारे अशा तेल्यांच्या पोटजातींची नोंद आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की घाणा गावातच फिरत असे. जवस, तीळ किंवा एरंडी घरून नेऊन द्यावयाची आणि डोळ्यांदेखत पिळून आणावयाची. जवसाचे तेल खाण्याचे, एरंडीचे डोईचे, दिव्याचे आणि कोठा साफ करण्याचे. तेली लबाडी करीत नसे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तेल्याच्या लबाडीवर आपल्या भाषेत जो शब्दसंभार आहे तो काही उगाच जमलेला नाही. परंतु त्याची लबाडी मापातली होती. नवटाकाच्या जागी थोडे कमी देणे त्याच्या हाती होते. कोठून तरी आलेले अनोळखी तेल मिसळणे त्याला सुचणेही कठीण होते, कारण अनोळखी तेल गावात येतच नव्हते.

ते आले रेल्वेने आणि डब्यात. प्रथम राकेल आले. राकेलने दिवा हिरावून घेतला, आणि दिव्याबरोबर करंज, एरंडी व मोह यांच्या तेलाचा मोठा खप गेला. घाण्याचे अर्धे काम तेथेच संपले. दुसरीकडे टोळी स्वतःच परदेशी चालती झाली. पहिल्या महायुद्धापूर्वी मोहाचे बी मुंबई बंदरातून जर्मनी व बेल्जियम या देशांकडे मोठ्या प्रमाणावर जात असे. तेथे त्याचा साबण होई, मेणबत्त्या होत आणि शुद्ध करून लोण्याच्या बदली खाण्याची चरबीही होई. उरलेली ढेप इंग्रज लोक हिरवळीवरचे गांडूळ मारण्यासाठी वापरीत. १९१४ साली युद्ध पेटले आणि हा व्यापार खुंटला.

याच सुमारास डोईच्या तेलाला स्वतंत्र प्रतिष्ठा प्राप्त झाली. कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी आपल्या ‘कुंतलीन’ तेलाच्या प्रसिद्धीसाठी १८९६ पासून कथांची पारितोषिके सुरू केली. त्या पहिल्याच वर्षी विजेता ठरलेल्या कथेत समुद्रावरचे तुफान केसांच्या तेलाच्या एका बाटलीने शांत होते. तिचे लेखक होते जगदीशचंद्र बसू! मुंबईच्या ‘कामिनिया’ तेलाच्या जाहिराती आपल्या जुन्या मासिकांच्या पानांवर ज्यांनी पाहिल्या असतील त्यांस हेही पटेल, की मराठी वाङ्मयाच्या छपाईचा काही खर्च तरी सुवासिनींच्या वेण्यांतून निघालेला आहे. त्या बाटलीत सुगंध होता, रंग होता, नाव होते. नव्हते ते इतकेच, की आत कोणते तेल आहे याचा पत्ता. घाण्यावर जाऊन पाहण्याची सोय नव्हती आणि विचारण्यास कायदा नव्हता.

कायदा पोटासाठी झाला होता. मध्यप्रांतात अन्नभेसळीस प्रतिबंध करणारा कायदा १९१९ साली आला, मुंबई इलाख्यात १९२५ साली. सबंध देशाला एकच कायदा १९५४ साली मिळाला. डोईची पाळी त्याहून उशिरा आली. औषधांचा कायदा १९४० चा. त्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेश १९६२ च्या दुरुस्तीने झाला. म्हणजे कायद्याने शरीराचे दोन तुकडे केले आणि मुखाचा एक, त्वचेचा दुसरा, असे दोन रखवालदार नेमले. महाराष्ट्रात दोन्ही कामे अन्न व औषध प्रशासन या एकाच खात्याकडे आहेत, परंतु अन्नाचा अधिकारी वेगळा आणि औषधप्रसाधनांचा निरीक्षक वेगळा.

शरीर मात्र अशी वाटणी मानीत नाही, याचा पुरावा एका काटेरी झुडपाने दिला. पिवळा धोत्रा मूळचा मेक्सिकोकडचा, पण आता आपल्या रस्त्यांच्या कडेला आणि पडीत शेतांत घरच्यासारखा राहतो. त्याचे बी मोहरीसारखे दिसते. त्याचे तेल खाण्याच्या तेलात मिसळले तर पाय सुजतात, दम लागतो, हृदय थकते, आणि प्रसंगी मृत्यू येतो. हा रोग साथीच्या रूपाने १८७७ साली कलकत्त्यात ध्यानात आला. धोत्र्याच्या तेलावर संशय १९२६ साली व्यक्त झाला, आणि तो खरा असल्याचे पुढील दशकात प्रयोगांनी ठरले. एवढे ज्ञान हाती असताही १९९८ च्या पावसाळ्यात दिल्ली शहरात भेसळीच्या मोहरीच्या तेलाने साठांवर माणसे मेली आणि सुमारे तीन हजार आजारी पडली. त्यानंतर त्याच वर्षी सुटे खाद्यतेल विकण्यावर निर्बंध घालणारा आदेश निघाला. परंतु आमच्या विषयाला अधिक लागू असलेली हकीकत १९८५ सालची आहे. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय निबंधात, धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेले तेल केवळ अंगाला चोळल्यामुळे हाच रोग झाल्याचे नमूद आहे. डोईचे तेल, डोईचे तेल, म्हणून ज्याकडे कानाडोळा करावा, ते कातडीतून आत उतरते.

उलट दिशेचे उदाहरण स्पेनचे. १९८१ साली तेथे कारखान्यांच्या वापरासाठी आणलेले मोहरीवर्गातील एक तेल, ज्यात खाण्यास अयोग्य व्हावे म्हणून मुद्दाम ॲनिलिन घातलेले होते, ते शुद्ध केल्याचे भासवून फिरत्या विक्रेत्यांनी चिठ्ठी नसलेल्या डब्यांतून घरोघर विकले. वीस हजारांवर लोक बाधित झाले आणि तीनशेंहून अधिक दगावले. खाण्याचे नव्हे असे तेल खाण्याचे म्हणून विकले जाणे, याचा याहून भयंकर दाखला आम्हांस आढळला नाही.

येथे कोणी म्हणेल, की हे सर्व कारखान्यांचे आणि व्यापाऱ्यांचे पाप; निसर्गाने दिले ते निर्धोकच. हल्ली प्रत्येक बाटलीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि त्याचा परिणामही होतो. पण पिवळा धोत्रा नैसर्गिक नाही काय? बिब्बा कोणत्या कारखान्यात तयार होतो? १९८१ साली ‘लॅन्सेट’ या प्रख्यात वैद्यकीय पत्रात मलेशियातील अशा तान्ह्या मुलांची हकीकत आली, की ज्यांना घरगुती उपाय म्हणून कडुनिंबाचे तेल पाजले गेले आणि त्यामुळे ज्यांचा मेंदू व यकृत बिघडले. उवांवर लावावयाचे उत्तम तेल ते हेच. पोंभुर्ण्याच्या धानाच्या बांधीत धान निघण्यापूर्वीच जी लाखोळी टाकतात, तीही निसर्गाचीच. फार दिवस मुख्य अन्न म्हणून तिच्यावरच राहिले तर पाय लुळे पडतात. १९६१ साली तिच्या विक्रीस बंदी करणारा नियम झाला आणि १९६४ साली बंगळूरच्या संशोधकांनी तिच्यातील विषारी द्रव्य ओळखले. भिजवून, उकळून पहिले पाणी ओतून टाकले की ते बरेच कमी होते. निसर्गाकडून मिळते ती वस्तू; तिचा विधिनिषेध माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसून बसविलेला असतो. वस्तू बाजारात विकत मिळते, विधिनिषेध तिच्याबरोबर पुडीत बांधून मिळत नाही. आमच्या मते आजच्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

घाण्याचा हा साक्षीपणा परत आणण्याचा एक प्रयत्न पोंभुर्ण्यापासून फार दूर नाही अशा वर्धा येथे झाला. डिसेंबर १९३४ मध्ये तेथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मगनवाडीत ज्या गोष्टींवर प्रयोग झाले त्यांत तेलघाणी प्रमुख होती, आणि झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली घाणी मगनवाडीच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. बैलाला श्रम कमी, तेलाचा उतारा अधिक, आणि तेल ताजे, हा तिचा गुण. नेमके त्याच काळात, १९३७ साली, ‘डालडा’ बाजारात आले. तुपात वनस्पती मिसळली जाऊ लागली आणि ती ओळखावी कशी हा प्रश्न पडला. त्यावर काढलेली युक्ती मोठी मौजेची आहे. वनस्पतीत शेकडा पाच तिळाचे तेल घालण्याची सक्ती झाली, कारण तिळाचे तेल आम्लाच्या एका परीक्षेत तांबडा रंग देते. तुपाने तो रंग दिला की चोरी उघडी. डोळ्यांदेखत घाणा फिरत होता तेव्हा साक्षीदार माणूस होता. आता तिळाला साक्षीस उभे करावे लागले.

डोई आणि पोट यांचा वाद अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तो खोबरेल तेलाच्या निमित्ताने. लहान बाटल्यांतून विकले जाणारे शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल समजावे की केशतेल, यावर कराचा दर अवलंबून होता: खाद्यतेलास शेकडा ५, केशतेलास शेकडा १८. २०१८ साली दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. १८ डिसेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला, की बाटली लहान आहे एवढ्यावरून तेल केशतेल ठरत नाही; केशतेल म्हणून तसा निर्देश व तशी बांधणी असेल तरच ते केशतेल. लहान बाटली घेणारा मनुष्य खाण्यासाठीही घेत असेल, ही गोष्ट न्यायालयाने मानली. आठवडी बाजारात ज्याने कधी गरिबाची खरेदी पाहिली आहे त्यास ती सांगावी लागत नाही. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरील करही शेकडा ५ वर आला आणि वादातील पैशाचा भाग मिटला. तेल तेच होते. बदलत होती ती चिठ्ठी.

इकडे जंगलाच्या बाजूनेही एक बदल झाला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांस गौण वनोपजाची मालकी दिली. ही उपज गोळा करावी, वापरावी, विकावी, हा त्यांचा हक्क झाला, आणि मोहाचे फूल व टोळी दोन्ही त्यात येतात. तेव्हा पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एखाद्या गावाने टोळी व्यापाऱ्यास न विकता आपणच पिळावी आणि तेल बाटलीत भरून बाजारात मांडावे, यास आता वनखात्याची आडकाठी नाही. मात्र त्या बाटलीवर डोई किंवा पोट यांपैकी एक शब्द त्यांना निवडावा लागेल, आणि ज्याचा शब्द त्याच खात्याचा परवाना घ्यावा लागेल. मोहाच्या तेलाने तर आजपर्यंत दोन्ही कामे केली आहेत.